बबूनांच्या दालनात ठेवलेलं नाव

माझ्या धाकट्या भावाचं नाव या गोष्टीत येणार नाही. आम्हा मासाई लोकांत मागे मूल न ठेवता कुणी तरुण गेला, की त्याचं नाव त्याच्याबरोबर जातं. घरच्यांच्या कानावर ते पुन्हा पडू द्यायचं नसतं. पडलं, तर घर मोडून दुसरीकडे जायचं. याला मागासलेपण म्हणणारे पुष्कळ विद्वान मी वाचले आहेत. त्यांच्या ग्रंथांच्या अर्पणपत्रिकांत मृतांची नावं असतात आणि त्या ग्रंथांना वाचकही साधारण तितकेच सजीव लाभतात.

तो नारोक गावाच्या डांबरी रस्त्यावर, भर उजेडात, ट्रकखाली गेला. सुस्वा डोंगराच्या पोटातल्या गुहांचे नकाशे ज्याने अंधारात रांगत काढले, त्याला मृत्यू असा सपाट जागी गाठेल, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. येयोने, म्हणजे आमच्या आईने, रिवाजाप्रमाणे घर मोडलं आणि डोंगरावरच्या वाफेच्या शेवटच्या भेगेपाशी नवं बांधलं. सुस्वावर नदी नाही, विहीर नाही. जमिनीतून येणारी वाफ नळीत धरायची. ती थंड होऊन डब्यात ठिबकते, तेच पाणी. त्या भेगेच्या पलीकडे फक्त गवत आणि वारा. येयोला पुन्हा उठावं लागलं, तर डोंगरच सोडावा लागला असता.

हे सगळं ठाऊक असलेली मी, त्या सकाळी गुहा संशोधन मंडळाच्या जीपमध्ये बसले होते, आणि पायाशी कापडात गुंडाळलेला एक फलक होता.

"हे काय, डॉक्टर?" मी विचारलं.

मंडळाचे अध्यक्ष डॉ. किबारा हसले. "अगं सिलांतोई, तुलाच चकित करायचं होतं. बबून माकडांची गुहा आजपासून तुझ्या भावाची. नाव कोरून आणलंय. गुहेच्या खालच्या तोंडाशी वस्तीवरच्या बायका जमल्यात ना? तुझी आईही आहे. मी बोलेन, तू मासाईत सांग."

बाहेर गवताचं पिवळं पाणी पसरलं होतं. त्यात जिराफ उभे होते, माना इतक्या सावकाश वळवत, की त्यांना कुणीतरी झोपेतून हाक मारली असावी आणि ती अजून पोचत असावी. गझेल हरणांचा कळप जीपपुढून सरकला; एकही खूर वाजला नाही.

"ते नाव तिच्यासमोर घ्यायचं नाही," मी म्हणाले.

"तिला वाचता कुठे येतं?"

"वाचणाऱ्यांना येतं ना. पाहुणे येतील, शाळेची पोरं येतील. मोठ्याने वाचतील. ती रोज त्याच वाटेने सरपणाला जाते."

"बाई गं, नैरोबीत शिकवतेस आणि हे बोलतेस?"

"नैरोबीत शिकवते म्हणूनच इतक्या शांतपणे बोलतेय."

ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि रेडिओ बंद केला.

जीप छत कोसळलेल्या वरच्या खड्ड्यापाशी थांबली. इथून आत उतरायचं, लाव्हाने पोखरलेल्या बोगद्यातून चालायचं आणि फलक घेऊन खालच्या तोंडाने उजेडात प्रकट व्हायचं, असा डॉक्टरांचा नाट्यविचार होता. सत्कारमूर्ती हयात नसली, की सत्कार करणाऱ्याला रंगमंच मोकळा मिळतो. फलक त्यांनी स्वतःच खांद्यावर घेतला.

खड्ड्याच्या तळाशी उंबराची झाडं वाढली होती. त्यांच्या मुळ्या काळ्या खडकावरून दोरांसारख्या उतरल्या होत्या. आत शिरलो आणि ऊन मागे राहिलं. एके काळी इथून वितळलेला दगड वाहत होता. वाहता वाहता तो निघून गेला आणि त्याची वाट तेवढी राहिली. चालताना मला वाटू लागलं, की आम्ही चालत नाही, आम्हीच सावकाश वाहतो आहोत. डोक्यावर वटवाघळं पिकल्या फळांसारखी लटकली होती. कुठेतरी छताला भोक होतं. तिथून उजेडाचा एक खांब उतरला होता आणि त्यात धूळ निवांत चढत होती.

मग दालन आलं. बबून सकाळीच चरायला बाहेर पडले होते; त्यांचा उग्र वास होता. त्यांच्या पिढ्यांनी रात्री बसून बसून दगडाची आसनं आरशासारखी गुळगुळीत केली होती. कोणत्याही आसनावर कुणाचंही नाव नव्हतं, आणि तरी संध्याकाळी प्रत्येकाला आपली जागा बरोबर सापडते.

डॉक्टरांनी फलक टेकवला. त्यांना दम लागला होता.

"ऐक. आम्हा किकुयूंत नातवाला आजोबाचं नाव देतात. मी माझ्या आजोबांचा किबारा. नाव ठेवलं नाही तर माणूस खरा मरतो. तुझा भाऊ बिनलग्नाचा गेला. त्याचं नाव कोण ठेवणार? मला झोप लागत नव्हती गं. पोरगा माझा विद्यार्थी होता."

इतका वेळ जपून थंड ठेवलेला माझा राग मी मनात उलटापालटा करून पाहिला. हा माणूस मूर्ख नव्हता. तो आपल्या लोकांचं सर्वांत मौल्यवान दान आमच्या दारात आणून ठेवत होता, आणि तेच आमच्या पाण्यातलं विष होतं. यापेक्षा त्याने अपमान केला असता, तर मला सोपं गेलं असतं.

"तुमच्यात ठेवलं नाही तर मरतो," मी म्हणाले, "आमच्यात ठेवलं तर जिवंतांना उठून जावं लागतं. माझी आई पाणी सोडून कुठे जाईल?"

"एका शब्दाने?"

"हो."

"मग मी तो कुठेच म्हणायचा नाही?" त्यांचा आवाज चिरकला.

"इथे म्हणा."

"पण तूही घरचीच आहेस."

"मला घर मोडावं लागणार नाही. माझं घर भाड्याचं आहे."

ते हसले, मग हसायचे थांबले. दालनाच्या मध्यावर, तिथेही छतातून उतरलेल्या उजेडाच्या खांबात उभे राहिले आणि त्यांनी माझ्या भावाचं नाव पूर्ण छातीने उच्चारलं.

भिंतींनी ते हातोहात पुढे दिलं. आधी त्यांच्या आवाजात, मग कुणाच्याच नाही, मग कुठूनतरी लहानपणच्या, गुरं वळणाऱ्या आवाजात. वटवाघळं सुटली. सगळा अंधारच पंख पसरून खालच्या तोंडाकडे गेला. मी एका गुळगुळीत आसनावर बसले होते. कधी बसले ते कळलं नाही. ते नाव आयुष्यात पुन्हा ऐकायला मिळेल, असं मला वाटलं नव्हतं. मला ते किती हवं होतं, हेही मला ठाऊक नव्हतं.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी फलक उचलला आणि बबूनांच्या सर्वांत खोल कपारीत, अक्षरं दगडाकडे करून, ठेवला. वर दगड रचले. मीही रचले.

खालच्या तोंडाशी बायका हातात शुभ म्हणून धरायच्या गवताच्या जुड्या घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या डोक्यांवरून वटवाघळं भर उन्हात फिरत होती आणि त्या हसत होत्या. येयो एकटी हसत नव्हती. तिने आमच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"आत कोण ओरडलं?"

मी म्हणाले, "डॉक्टर."

"एवढा मोठा माणूस अंधाराला भितो?" ती डॉक्टरांपाशी गेली. तिने त्यांचा चेहरा बराच वेळ वाचला; ते रडले होते, हे लपण्यासारखं नव्हतं. मग तिने आपल्या तळहातावर हलकेच थुंकून तो त्यांच्या कपाळावर टेकवला, जसा आम्ही लेकरांना आशीर्वाद देताना टेकवतो.

"आवाज आला," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "शब्द दगडाने गिळला. चांगला दगड आहे."

डॉक्टरांनी मला विचारलं, "काय म्हणाली?"

मी भाषांतर केलं नाही. येयो माझ्याकडेच वळली होती.

"आणि तू, शहरातली बाई, दोन दिवस थांबतेस की लगेच पळतेस? पावसाआधी छपराला शेण लिंपायचंय. हात घाण होतील, आत्ताच सांगून ठेवते."