पुढची सीट

ड्रायव्हरने सवयीने दोन सीटच्या जोडसायकलचं पुढचं हँडल धरलं. तो पाय उचलून वर बसणार, एवढ्यात बायकोने त्याच्या कोपराला हात लावला.

"तुम्ही मागे," ती हळू आवाजात म्हणाली.

मैदानात तीसेक माणसं जमली होती. त्यातल्या बऱ्याच जणांनी हे पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. कुणी टायर दाबून बघू लागलं, कुणी चेनमध्ये उगाच तेल सोडलं. ड्रायव्हरला यातलं काही दिसत नव्हतं, पण गप्पा मारणारी माणसं एकदम गप्प झाली की त्याला आता लगेच कळायचं. सायकलवरचा हात न उचलता तो चाचपत मागे सरकला, मागची सीट सापडली तशी तिच्यावर दोन थापा मारल्या आणि बसला. सीट सरावात सैल होऊन खाली सरकली होती, ती कुणीतरी पाना आणून वर केली.

पानगळ सुरू झाली की पहिल्या रविवारी ही फेरी निघायची. गावातून बाहेर पडायचं, शेतांमधून नदीपर्यंत जायचं, पूल ओलांडून पलीकडच्या चढावरून जुन्या शाळेच्या अंगणात पोचायचं. एकूण बावीस किलोमीटर. नियम दोनच होते. सायकल निदान चाळीस वर्षांची हवी आणि तिला गिअर नको. फेरी काढणारा घड्याळजी दोन्ही बाबतींत इतका कडक होता की एका वर्षी त्याने स्वतःच्या मेव्हण्याला परत पाठवलं होतं.

ड्रायव्हर आणि त्याची बायको एकोणीस वर्षं या फेरीला आले होते, मग दोन वर्षं खंड पडला होता. जोडसायकल त्यांनी लग्नानंतर दुसऱ्या वर्षी एका बंद होणाऱ्या दुकानातून घेतली होती, तेव्हाच ती बरीच जुनी होती. तो पुढे, ती मागे. रस्त्याच्या कडेचं सगळं तिला पाठ होतं, कुठे विहीर, कुठे पडकी भिंत, कुठल्या कुंपणामागचं कुत्रं भुंकतं. समोरचा रस्ता मात्र तिने कधी पाहिलाच नव्हता. समोर नवऱ्याची पाठ होती, आणि ती चांगली रुंद होती.

तिला सगळे मावशी म्हणत. हॉस्पिटलच्या लाँड्रीत ती तीस वर्षं चादरी धूत, वाळवत आणि गरम रोलरमधून काढत आली होती. मोठे डॉक्टरसुद्धा मावशी म्हणत आणि ॲप्रन आज हवाय म्हणून विनवण्या करत. नवरा तेहेतीस वर्षं शहर बसवर होता. मग त्याला काचबिंदू झाला. आधी नजरेच्या कडा गेल्या, तेव्हा तो कुणाला काही बोलला नाही. एका दुपारी भर गर्दीत त्याने बस थांब्याला नीट लावली, हँडब्रेक ओढला, कंडक्टरला म्हणाला की डेपोत फोन करून दुसरा ड्रायव्हर बोलव, आणि खाली उतरून फुटपाथवर बसला. नंतर उरलेलं दिसणंही गेलं. गेली दोन वर्षं तो स्वयंपाकघरातल्या खिडकीशी खुर्ची टाकून बसे. खिडकीतून काय दिसतंय असं कुणी चुकून विचारलंच तर म्हणे, "ट्रॅफिक." काठी घ्यायला तयार नव्हता. मुलगी हात धरून फिरवायला यायची, तिलाही नको म्हणायचा.

उन्हाळ्यात मावशीने लाँड्रीच्या मागच्या आवारात सायकल शिकायला घेतली. वय सत्तावन्न. रोलरवरच्या दोघी जणी तिला धरायच्या आणि हसून हसून सोडून द्यायच्या. साध्या सायकलवर हात बसल्यावर तिने जोडसायकल घरून ढकलत नेली. मागच्या सीटवर माणसाचं वजन हवं म्हणून ओल्या चादरींचं मोठं गाठोडं बांधलं, आणि वाळत घातलेल्या चादरींच्या रांगांमधून महिनाभर फेऱ्या मारल्या. मग एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता तिने नवऱ्याला सांगितलं की यंदा फेरीला जायचं, पुढे मी बसणार.

तो तीन दिवस बोलला नाही. चौथ्या दिवशी म्हणाला, "मागे माझ्यासारखं धूड बसल्यावर तोल कसा सांभाळणार तू?"

"केलीये सवय. चादरींचं गाठोडं बांधून."

"गाठोडं नीट बसलं?"

"छान बसलं. मध्ये मध्ये सूचना देत नव्हतं."

त्यावर तो हसला. कितीतरी महिन्यांनी हसला. मैदानात दोन रविवार सराव झाला, सरळ रेषेत आणि मोठ्या गोलात. मात्र त्याने एक अट घातली होती. येईन, पण पडलो तर पुन्हा घराबाहेर काढायचं नाव घ्यायचं नाही, तिनेही नाही आणि मुलीनेही नाही. मावशीने अट मान्य केली, कारण दुसरा इलाज नव्हता. मुलगी औषधांच्या दुकानात कामाला होती. तिला हे सगळं वेडेपणाचं वाटत होतं. आई ऐकत नाही म्हटल्यावर तिने मैत्रिणीची गाडी मागून आणली आणि बँडेज, ब्लँकेट, पाण्याच्या बाटल्या भरून फेरीच्या मागे यायचं ठरवलं.

दोन किलोमीटर झाले नसतील. शेतांकडे वळायच्या जागी मावशीने हँडल डावीकडे घेतलं आणि सायकल वळेचना. काहीतरी तिला उजवीकडे खेचत होतं. तिने जोर केला, सायकल दोनदा डगमगली आणि दोघंही बांधावरून ओल्या मातीत आडवे झाले.

पुढचे लोक सायकली टाकून धावले. मुलगी गाडीतून उतरली, पण जवळ आली नाही. अट तिलाही माहीत होती. मावशी चिखलात बसून नवऱ्याच्या तोंडाकडे पाहत होती. आता हा उठणार, गाडीत बसणार, आणि उद्यापासून खिडकी. 

ड्रायव्हरने गुडघा चाचपला, मग सायकलची चाकं चाचपली, एक चाक फिरवून त्याचा आवाज ऐकला.

"सायकल ठीक आहे," तो म्हणाला. हातावरची माती पुसून म्हणाला, "चूक माझी होती. मी मागून माझ्या अंदाजाने अंग टाकून वळवत होतो."

तेहेतीस वर्षांत कुठल्याही अपघातात, खरचटण्यात, आरसा फुटण्यात त्याने चूक माझी असं म्हटलेलं मावशीने ऐकलं नव्हतं. ती त्याच्या शेजारी सरकली. चादरीची घडी दोघी मिळून घालतात, ती म्हणाली. समोरचीने आपल्याकडे ओढलं तर घडी पडत नाही. तिच्या हाताबरोबर जायचं असतं.

"म्हणजे आता मी चादर," ड्रायव्हर म्हणाला.

"आधी गाठोडं होतात. बढती मिळाली."

घड्याळजीने दोघांना हात देऊन उठवलं. पडलो तर काय ठरलं होतं, याचा विषय कुणी काढला नाही, ड्रायव्हरनेही नाही.

पुढचे काही किलोमीटर मावशी तोंड मिटून, हँडलवर मुठी आवळून चालवत राहिली. मागून ड्रायव्हर म्हणाला, "बोल की काहीतरी. अंधारात बसल्यासारखं वाटतंय." तशी ती बोलू लागली. कापणी झालेली शेतं, त्यात उरलेले खुंट, एका शेतात पेंढ्यांचे गोल गठ्ठे, त्यातला एक निसटून ओढ्यात पडलाय. झाडं अर्धी पिवळी, अर्धी लाल. आणि समोरचा रस्ता. रस्ता लांबून असा दिसतो हे तिला माहीत नव्हतं. वर निमुळता होत जातो, मग दिसेनासा होतो, आणि आपण तिथे पोचलो की पुन्हा पुढे असतो. ड्रायव्हरने हे सगळं ऐकून घेतलं. पूर्वी तो काय बघत होता ते तिला आज कळत होतं, आणि ते त्याच्याही लक्षात आलं असावं, कारण त्याने विचारलं, "मी तुला कधी सांगितलंच नाही का?" ती म्हणाली, नाही सांगितलंत. मग ती पुढचा रस्ता सांगू लागली.

नदीकडच्या उताराच्या तोंडाशी सगळे थांबले. उतार लांब आणि तीव्र होता. मध्ये एक वळण, मग पूल, आणि पूल संपताच तेवढाच मोठा चढ. बिनगिअरच्या सायकलवर हा चढ चढायचा तर उताराचा वेग पुलापर्यंत टिकवावा लागे. एकोणीस वर्षांत ड्रायव्हर या चढावर कधी खाली उतरला नव्हता. पण रात्री भुरभुर झाली होती आणि वळणावर ओल्या पानांचा थर दिसत होता. घड्याळजीने सांगितलं की यंदा सगळ्यांनी चालत उतरावं. बरेच जण सायकली हातात धरून निघालेही. मुलगी गाडी घेऊन शेजारी आली आणि दार उघडून म्हणाली, "बाबा, पुलापर्यंत गाडीत बसा. पलीकडे परत सायकलवर बसा."

ड्रायव्हरचा हात गाडीच्या दारावर होता. तो बायकोच्या दिशेने वळला.

"तुला काय वाटतं?"

हा प्रश्न त्याने तिला संसारात अनेकदा विचारला होता, पडद्यांच्या रंगाबद्दल, मुलीच्या सासरच्यांबद्दल. रस्त्याबद्दल कधी नाही. मावशी सायकल त्याच्या हातात देऊन वळणापर्यंत चालत गेली, नीट पाहिलं आणि दमत परत वर आली.

पानं डाव्या बाजूला आहेत, झाडाखाली, तिने सांगितलं. उजवीकडे दीड-दोन हात कोरडं आहे. समोरून कुणी येत नाही, पलीकडचा चढ थेट वरपर्यंत दिसतो. आपले लोकही पूल ओलांडून चढाला लागले. वाट मोकळी आहे.

ड्रायव्हरने पायाने रस्त्याची ओल चाचपली. मग त्याने गाडीचं दार लावलं.

"ब्रेक वळणाआधी मारायचा," तो म्हणाला. "वळणात ब्रेकला हात लावायचा नाही. वळण सुटलं की पुढचं माझ्या पायांवर सोड. आणि घाबरू नकोस."

"घाबरलेलीच आहे," मावशी म्हणाली. "बसा."

सायकल सुटली. पहिल्या शंभर पावलांतच वारा इतका वाढला की तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. पुसायला हात मोकळा नव्हता. चाकांचा आवाज बदलला, साखळीचा खडखडाट थांबला आणि नुसता सूं असा एकच आवाज राहिला. मागून काही सूचना येईल असं तिला वाटत होतं. आली नाही. वळण दिसलं. तिने ब्रेक दाबला, मोजून तीन वेळा, आणि सोडून दिला. हँडल उजवीकडे झुकवलं, आणि ते सहज झुकलं, कारण मागचं शरीर तिच्याबरोबर, तेवढंच आणि त्याच क्षणी झुकलं होतं. मागचं चाक जरासं सरकलं आणि सावरलं. पानं डाव्या बाजूने निघून गेली.

"सुटलं," ती म्हणाली.

तेवढंच ऐकायचं असल्यासारखे मागचे पायडल फिरू लागले. पुलावरून सायकल जणू ढकलल्यासारखी गेली. चढावर पुढची माणसं सायकली ढकलत, धापा टाकत चालली होती. घंटी वाजवायला मावशीला बोट उचलवेना.

"समोर लोक आहेत," तिने सांगितलं.

ड्रायव्हरने मान वर केली आणि डेपोतल्या जुन्या आवाजात ओरडला, "बाजूला व्हा, बस येतीये."

माणसं दोन्ही कडांना झाली. कुणी हसलं, कुणी टाळ्या वाजवल्या, आणि घड्याळजीने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. अर्ध्या चढावर वेग संपला. सायकल जड झाली, पुढचं चाक डावी-उजवीकडे हेलकावू लागलं. मावशीच्या मांड्या थरथरत होत्या. मागून श्वास भात्यासारखा येत होता.

"किती राहिलं?" त्याने विचारलं.

"दहा झाडं," ती म्हणाली. "मोजा."

ती मोजत गेली. दहा, नऊ, आठ. तीन म्हटल्यावर पुढचंही तीनच म्हटलं, मग आणखी एकदा तीन. तो पायडल मारत राहिला. एक म्हटलं तेव्हा खरोखर एकच झाड उरलं होतं, आणि त्याच्या पलीकडे रस्ता सपाट झाला.

शाळेच्या अंगणात चहाची मोठी किटली तयार होती. त्या दिवशी चढावर खाली न उतरता वर आलेली सायकल एकच होती. लोक येत होते, ड्रायव्हरच्या पाठीवर थाप मारत होते, आणि तो प्रत्येकाला सांगत होता की पुढे ती होती, तिला विचारा. मुलगी आली. आधी तिने दोघांच्या कपड्यांवरचा चिखल झटकायला घेतला, मग अर्ध्यात सोडून आईच्या खांद्यावर कपाळ टेकून उभी राहिली.

"झाडं दहा नव्हती," ड्रायव्हर बाकावर बसल्यावर म्हणाला. "बारा होती. प्रत्येकाची सावली तोंडावर लागते."

"मग बोलला का नाहीत?"

"चालवणाऱ्याशी चढावर वाद घालत नाहीत."

चहाचा कप मावशीच्या समोर बाकावर तसाच निवत होता. तिने दोनदा हात पुढे केला आणि मागे घेतला. चहा का घेत नाहीस, त्याने विचारलं. तिने सांगितलं की बोटं उघडत नाहीत, हँडल धरल्यासारखी तशीच राहिलीत.

ड्रायव्हरने तिचा उजवा हात शोधला आणि स्वतःच्या गुडघ्यावर घेतला. शेजारी येऊन बसलेल्या घड्याळजीला तो वळण कसं होतं ते सांगू लागला, पानं डावीकडे, कोरडा रस्ता उजवीकडे, दीड-दोन हात. सांगता सांगता तो तिच्या मुठीतलं एकेक बोट अंगठ्याने चोळून सरळ करत होता. करंगळी झाली, तिच्या शेजारचं झालं. मग त्याने दुसरा हात मागितला.