रामाजीची पहिली गोळी

आमच्या यायचे, माह्या नवऱ्याचे, ओठ पाहून मी पयले हासली. खोटं काहून बोलू? जेवणाची ताटं उचलता उचलता म्हटलं, "कोणती मधमाशी चावली जी तुमाले?" यायनं तोंड उघडलं, अन् जीभ दिसली. गुलगुल्यावानी फुगलेली! माह्या हातातलं ताट खाली पडलं.

"सौरव!"

रविवार होता म्हणून पोरगा घरी होता. सक्करदऱ्यातल्या आमच्या घरून दवाखाना पाच मिनिटं, पण तेवढ्यात यायच्या गळ्यातून शिट्टी वाजून राहिली होती. मी रस्ताभर डॉक्टरणीले शिव्या घातल्या. चारच दिवसांपूर्वी तिनं नवी गोळी दिली होती. यायच्या पायाले सूज अन् जिना चढता दम, म्हणून गेलो होतो.

तिनं समजावलं होतं, "हृदयावर ताण आला की ते स्वतःच एक हार्मोन सोडतं. त्यानं जादाचं पाणी बाहेर पडतं. पण शरीरातलं एक एन्झाइम त्या हार्मोनचे तुकडे करतं. ही गोळी त्या एन्झाइमला अडवते. दुसरी कोणती गोळी चालू आहे?"

यायनं छाती फुगवून सांगतलं, "रामाजी गोळ्या खात नाही, मॅडम. भेव वाटलं म्हणून ही पयली."

मी बाजूलेच बसली होती.

आता दवाखान्यात यायले इंजेक्शनं टोचून राहिले होते. मी डॉक्टरणीवरच उखडली, "काय खाऊ घातलं तुमी माह्या माणसाले?"

"काकू, ते बीपीची गोळी घेतात का? नवी गोळी ज्या एन्झाइमला अडवते, तेच सूज आणणारं एक रसायनही साफ करतं. दुसरं साफ करणारं एन्झाइम बीपीच्या काही गोळ्या बंद करतात. दोन्ही बंद पडली की गळा असा सुजतो. खरं सांगा."

"बाबा गोळीले हात नाही लावत," सौरव म्हणाला. यायनंही मान हलवली.

बाप्पा!

"घेतात," मी म्हटलं. "सात वर्षं झाली. मी कुटून वरणात टाकते. बीपी दोनशेवर गेलं होतं अन् हे गोळी थुंकून देत. मरू देऊ काय मंग? त्या दिवशी यायच्यासमोर कशी सांगू? म्हटलं, दोन गोळ्यानं दुप्पट गुण येईन."

"आजपण टाकली?" सौरवनं विचारलं.

"आज बी."

यायचे डोळे माह्यावर होते. असे डोळे मी कधी पाहिले नव्हते.

सूज उतरायले संध्याकाळ झाली. जीव वाचला. यायले बोलता आलं तसं पयलं हेच विचारलं, "आणखी काय काय टाकलं वं माह्या जेवणात?"

"काहीच नाही. देवाशपथ!"

खरं होतं थे. पण यायनं माह्याकडं पाहिलंच नाही. सौरवले म्हणे, "उद्यापासून मले खानावळीचा डबा लाव."