त्या देशाचं पाणी माझ्या पोटात

मी फिरकीचा तांब्या. बोलायची मला सवय नाही. तोंडावर आटे आहेत, झाकण फिरवून घट्ट बसवलं की आतलं आत राहतं. पण सध्या पोटात जे पाणी आहे, त्याचं काय करावं हे घरात कुणालाच कळेना. मलाही कळेना. म्हणून बोलतो.

मी पितळेचा आहे, आतून कल्हई. माझ्या वेळी स्टील नव्हतं असं नाही, पण स्टीलला वजन नसतं. वजन नसलेल्या वस्तूला लोक कुठेही ठेवून विसरतात. मला साठ वर्षांत कुणी विसरलं नाही.

मला धुळ्याच्या बाजारातून चिंधा पाटलाने घेतलं. बरोबर त्याचा मुलगा कौतिक, सतराएक वर्षांचा. चिंधाच्या काखेत एक गाठोडं होतं. दुकानदार शेठ गमतीत म्हणाला, "पाटील, रस्त्यानं विहिरी कमी आहेत का? तांब्या कशाला बाळगता?"

"विहिरी शेतस," चिंधा म्हणाला. "पन मले त्या गावनं पानी नको."

शेठने गंमत सोडून मला तराजूत ठेवलं. गाठोड्यातून वहाणांची एक जोडी बाहेर डोकावत होती. ती त्याने पाहिली असावी.

त्या वहाणा वनाच्या. वना म्हणजे चिंधाचा धाकटा भाऊ. एका खुनाच्या खटल्यात त्याला फाशी झाली होती. बापलेक तुरुंगातून परत येत होते. प्रेत मिळालं नाही. वहाणा, धोतर आणि टोपी मिळाली. वनाने खून केला की नाही, मला ठाऊक नाही. मी नंतरचा. घरातले म्हणायचे, नाही केला. ज्याने साक्ष दिली तो धुळ्याच्या रस्त्यावरच्या एका गावचा. त्या गावाचं नाव आमच्या घरात घेत नाहीत. मीही घेणार नाही.

आमच्या बाजूला रीत आहे. ज्या गावाने घात केला, त्या गावचं पाणी वर्ज्य. त्या गावातून जायला बंदी नाही, माणसांशी भांडण नाही, हाक मारली तर ओ द्यायची. फक्त पाणी प्यायचं नाही. शीव लागली की तहान गिळायची, पलीकडची शीव आली की प्यायचं. आणि अगदीच राहवलं नाही तर आपलं पाणी आपल्याजवळ हवं. त्यासाठी मी.

चिंधाने ही रीत मरेपर्यंत पाळली. त्याच्यामागे कौतिकने पाळली. दोंडाईच्याजवळच्या आमच्या गावाहून धुळ्याला कितीदा गेलो याचा हिशेब नाही. आधी बैलगाडी, मग एसटी, मग कौतिकच्या मुलाची, समाधानची, मोटरसायकल. एकदा गाडीतून पडलो, बगलेत पोचा आला, तो अजून आहे. वनाच्या वहाणा कौतिकला मोठ्या होत्या. तरी दोन वर्षं वापरल्या. चालताना फटक फटक आवाज यायचा. चिंधा म्हणायचा, वाजू दे.

आता कौतिकला सगळे आबा म्हणतात. मीही म्हणतो. वय सत्त्याहत्तर. शाळा चौथीपर्यंत. बोलणं मोजकं, मान ताठ. बायको यशोदाबाई, मुलगा समाधान, नात दिपमाला. दिपमालाचं लग्न झालं आणि ती नवऱ्याबरोबर समुद्रापलीकडच्या एका देशात गेली. नोकरी चांगली, घर चांगलं. गेल्या वर्षी तिला दिवस गेले. तिला आई नाही. आजीआजोबांनीच वाढवलेली. तिने दोघांची तिकिटं काढून पाठवली.

आबांनी त्यासाठी आयुष्यात पहिल्यांदा पासपोर्ट काढला. नवीन टोपी घेतली. मलाही चिंचेने घासून ठेवलं. मग एके दिवशी दुपारी टीव्हीवर बातमी आली. त्या देशाने एका परक्या मुलुखातल्या पोराला फाशी दिली. कुणीतरी दिलेली पिशवी त्याने पोचवली होती; तीत नशेचा माल निघाला. पिशवीत काय ते आपल्याला ठाऊक नव्हतं, असं तो शेवटपर्यंत म्हणत होता. नंतर त्याची आई दाखवली. तिच्या मांडीवर एक प्लॅस्टिकची पिशवी होती आणि पिशवीतून बुटांच्या टाचा दिसत होत्या.

आबांनी टीव्ही बंद केला. म्हणाले, "मी जावाव नही."

यशोदाबाईंना वाटलं, विमानाची भीती. "समाधानना बाप, बठ्ठा गाव विमानमा बसना. तुम्हालेच काबर भ्याव?"

"तो देश माणसं टांगस. मी तठलं पानी पिवाव नही."

"नात बाळंत व्हई राहिनी, आन तुम्ही पानीवर अडी बसनात?"

"तू जाय."

डेअरीवर बातमी पोचायला वेळ लागला नाही. दूध घालताना आबांचा जुना मैतर पितांबर सगळ्यांदेखत म्हणाला, "कौतिक, तू येत नही म्हनीसन त्या देशना राजाले जेवन गोड लागत नही म्हने!"

लोक खो खो हसले. आबा हसले नाहीत. "मना बापनी बी एक गाव सोडं व्हतं. गाव मरनं नही. पन बापले झोप लागे."

मला अभिमान वाटला. खरं सांगतो, वाटला. साठ वर्षं ज्या कामासाठी मी आहे ते काम मोठं झालं, एका गावावरून एका देशावर गेलं, असं वाटलं.

तो अभिमान दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी दिपमालाने व्हिडिओ कॉल केला. मी समोरच्या फळीवर होतो. ती रडून बसली होती, पण आवाज आबांसारखाच कडक.

"आबा, माझ्या घरात कुणी कुणाला टांगतं का?"

"तुना घरनं नही बोलत मी."

"मग एक सांगा. वनाकाकांना फाशी कुणी दिली? या देशाने दिली?"

आबांनी टोपी सारखी केली.

"आपल्याच सरकारने दिली ना? आपल्याकडे ती शिक्षा अजून आहे ना? मग आपल्या देशाचं पाणी कसं पिता? रोज पिता. माझ्याच घरचं तेवढं चालत नाही?"

आबांनी फोनकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "चार्जिंग संपनी," म्हणाले आणि फोन यशोदाबाईंच्या हातात दिला. चार्जिंग संपलं नव्हतं. फोन त्यांच्या हातात पुढे अर्धा तास चालला.

त्या दिवसापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. साक्ष दिली गावाने. फाशी दिली सरकारने. पाणी सोडलं ते गावाचं. मग मी इतकी वर्षं बरोबर ठिकाणी तहान धरली की चुकीच्या? गावाला सोडणं सोपं होतं का? त्याच्या शिवेपलीकडे दुसरी विहीर होती. सरकारच्या शिवेपलीकडे कोणती विहीर?

आबांनीही विचार केला असेल. ते सांगत नाहीत. पण विचार बदलला नाही. यशोदाबाई निघाल्या तेव्हा आबांनी स्वतः मला विहिरीच्या पाण्याने भरलं, फिरकी आवळली, फडक्यात बांधलं. "पुरस तवलोंग आठलं पी," एवढंच म्हणाले. म्हणजे पुरेल तोवर इथलं पी.

दोन महिने राहायचं होतं आणि मी एक तांब्या. पण रीत ती रीत. शिवेवरून शिवेपर्यंत आपलं पाणी. देशाची शीव विमानात कुठे लागते हे मात्र आम्हा तिघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं.

ती मुंबईतच लागली. विमानतळावर तपासणीच्या मुलीने मला यंत्रातून काढलं. फिरकी उघडली. "आजी, पाणी नेता येत नाही. इथे प्या, नाहीतर ओता."

"पानी वतत नही, माय," यशोदाबाई म्हणाल्या. त्या तिथेच उभ्या राहून प्यायला लागल्या. अर्धं प्यायल्या. उरलेलं मागच्या रांगेतल्या दोन बायकांना ओंजळीत दिलं. रांग खोळंबली. कुणी चिडलं, कुणी हसलं. त्या मुलीने तोंड फिरवून हसू दाबलं. मी रिकामा झालो. साठ वर्षांत पहिल्यांदा वर्ज्य ठिकाणी रिकामा निघालो.

तिथे पोचल्यावर यशोदाबाईंनी दुपारपर्यंत पाण्याला तोंड लावलं नाही. ओठ सुकले. दिपमालाने पाहिलं. म्हणाली, "ठीक आहे आजी. मग मीही पीत नाही." नऊ महिने भरलेली पोरगी. म्हातारीने पटकन पेला उचलला.

मी तो देश ओट्यावरून पाहिला. रस्ते स्वच्छ. शेजारची बाई रोज येऊन दिपमालाचे पाय चेपायची, भाषा एक नाही तरी. ती कुणाला टांगत नसेल. कुठे टांगतात ते मला दिसलं नाही. पण तुरुंग आमच्या गावातून तरी कुठे दिसत होता?

मुलगा झाला. यशोदाबाई परत निघाल्या, तेव्हा दिपमालाने मला नळाखाली धरलं. काठोकाठ भरलं. फिरकी अशी आवळली की आटे करकरले. मला मोठ्या बॅगेत कपड्यांमध्ये ठेवलं. त्या बॅगेतून पाणी नेता येतं म्हणे. या नियमातलंही मला काही कळलं नाही.

घरी यशोदाबाईंनी मला आबांसमोर ठेवलं. "दिपूनी भरी दिना."

आबांनी मला उचलून फळीवर ठेवलं. प्यायले नाहीत. ओतलंही नाही.

चैत्रात दिपमाला बाळाचं जाऊळ काढायला आली. मी धसकलोच होतो. ते पोर सहा महिने त्याच पाण्यावर वाढलेलं. आबा त्याला जवळ घेतील का? दिपमालाने विचारलं नाही. सरळ चालत आली आणि पोर त्यांच्या मांडीवर ठेवलं. पोराने टोपी ओढली. मग धोतर ओलं केलं.

"ल्या," यशोदाबाई म्हणाल्या, "तठलं पानी!"

दिपमालाला हसू आवरेना. आबा हसले नाहीत, पण उठलेही नाहीत. ओल्या धोतराने पोर झोपेपर्यंत बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दिपमालाला कागद घ्यायला सांगितला.

"कुणाला लिहायचं?"

"आपला सरकारले."

"आता? साठ वर्षांनी?"

"तू इचारं व्हतं ना, आठलं पानी काबर पितस. ज्याना घरनं पानी पितस, त्यालेच बोलता येस. मी पानी पिधं. बोलनू नही. ती मनी चूक."

ते सांगत गेले, ती शुद्ध भाषेत लिहीत गेली. तिने मोठ्याने वाचलं तेव्हा मी ऐकलं. "माझे काका वना पाटील यांना फाशी दिली. त्यांनी गुन्हा केला होता की नाही, मला माहीत नाही. आता विचारायला ते नाहीत. म्हणून यापुढे कोणालाच देऊ नये. कळावे." खाली आबांनी सही केली. प्रत्येक अक्षर वेगळं, हात दाबून. अक्षरं कागदाच्या मागच्या बाजूला उठली.

दिपमाला म्हणाली, "आता हे तांब्यातलं पाणी ओतू का, आबा?"

"राहू दे. उत्तर येवो."

पत्र टाकून आता चौथा महिना. उत्तर आलेलं नाही. दिपमाला केव्हाच परत गेली. पुढच्या वर्षी या, म्हणून गेली. आबा हो म्हणाले नाहीत. नाही असंही म्हणाले नाहीत. इतक्या वर्षांत त्यांना असं अधांतरी मी पाहिलं नव्हतं.

मी फळीवर आहे. माझी कल्हई तळाला उडाली आहे. पितळेत पाणी फार दिवस राहिलं की कळकतं. हे कळकलं असणार. म्हणजे ते आता त्या देशाचं राहिलं की माझं झालं? ते प्यायचं नाही हे ठरलं होतं. आता ते कुणाला पिताच येणार नाही. दोन्ही एकच का? मला सांगता येत नाही. मी तांब्या. मला धरून ठेवता येतं, तेवढंच.

रोज सकाळी पोस्टमनची सायकल वाजते. आबा दारात जातात. रिकाम्या हाताने परत येतात, माझ्या फिरकीला बोट लावून ती घट्ट आहे ना बघतात आणि बसतात.

तुमच्यापैकी कुणी त्या कचेरीत असेल, तर एवढं करा. हो लिहा, नाही लिहा, पण दोन ओळी पाठवा. म्हातारा सत्त्याहत्तर वर्षांचा आहे, आणि माझ्या बुडाला हिरवं धरायला लागलंय.