फान सरांच्या वर्गातला वेत

मी एक जुना वेत आहे. घाबरू नका मित्रांनो, आता मी कोणाला मारत नाही.

तैवानच्या दक्षिणेला च्यायी नावाचं गाव आहे. तिथला कारागीर ल्यु वेताच्या खुर्च्या विणायचा. मी त्याच्याच भाऱ्यातला. डोंगरात झाडांना बिलगून वाढलो, काट्यांसकट कापला गेलो, सोलला गेलो, भिजलो, वाफेवर शेकलो. माझ्याबरोबरचे सगळे खुर्च्यांचे हात झाले. मी सरळ आणि चिवट निघालो, म्हणून ल्युने मला बाजूला काढलं, घासून गुळगुळीत केलं आणि मुठीला लाल फीत बांधली.

मूल शिकवणीला घालताना आईबापांनीच मास्तरांच्या हाती वेत द्यायचा, अशी आमच्याकडे रीत होती. ल्युची मुलगी पेइ-लान बारावीत होती. जुलैतल्या मोठ्या परीक्षेत इंग्रजीत पानभर परिच्छेद लिहावा लागे. तो जमला तरच तिला तैपेईच्या विद्यापीठात जाता येणार होतं. नाहीतर खुर्च्या होत्याच.

"सर, पोर तुमच्या हवाली केली," ल्यु कमरेत वाकून म्हणाला. "हाडं तेवढी शाबूत ठेवा, बाकी तुमची मर्जी."

"काळजीच सोडा," इंग्रजीची शिकवणी घेणारे फान सर म्हणाले. त्यांनी मला हवेत सपकन फिरवून पाहिलं आणि ते खूश झाले.

सरांना शिकवता येत नव्हतं असं मी म्हणणार नाही. "पहिलं वाक्य म्हणजे दारावरची पाटी," ते सांगत. "पाटी लावलीत ना? मग आता घरात माणसं दिसू द्या की! कोण राहतं, काय खातं, कशावरून भांडतं. रिकाम्या घराला परिच्छेद म्हणत नाहीत." पण तपासायला बसले की सर त्या घरात पाऊलही टाकत नसत. बाहेरूनच फुटकी कौलं मोजत. वाक्य अर्धवट राहिलं, फटका. क्रियापद चुकलं, फटका. दोन वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने चिकटवली, फटका. ही शेवटची खोड तर आमच्या मुलांच्या हाडीमासी खिळलेली. आमच्या चिनी भाषेत विचार संपेपर्यंत स्वल्पविराम देत जातात, पूर्णविरामाला कोणी घाई करत नाही. मार डाव्या हातावर बसे, कारण उजव्याने लगेच शुद्ध करून लिहायचं असे.

"आज जेवायला काय रे?" वर्ग भरायच्या आधी कोणीतरी विचारी.

"बांबूचे कोंब आणि डुकराचं मांस!" ची-श्यांग नावाचा टारगट मुलगा ओरडे. माराला आमच्याकडे असंच म्हणतात. सगळे हसत, आणि हसता हसता तळहातांना आलं चोळत. आल्याने कमी लागतं अशी त्यांची समजूत होती. खोटी समजूत, माझ्याइतकं खात्रीने कोण सांगणार?

मुलं हुशार होती. थोडं लिहिलं की थोडं चुकतं, हे त्यांनी लवकरच ओळखलं. 'मला आंबा आवडतो. आंबा गोड असतो. मी आंबा खातो.' संपला परिच्छेद! मार नाही. चुका कमी झाल्या, तसे पालक येऊन माझं कौतुक करू लागले. कोणी मला तेल लावलं, कोणी नवी फीत बांधली.

एकट्या पेइ-लानची खोड जिरत नव्हती. 'घरातली एक व्यक्ती' असा विषय होता, आणि तिने पान भरून लिहिलं. 'माझ्या बाबांची बोटं आता सरळ होत नाहीत, ते पहाटे वेत भिजवतात, गार पाण्यात हात घालताना गाणं म्हणतात, कोणी आलं की गप्प होतात, गिऱ्हाईक खुर्चीत बसून डोळे मिटतं, तेव्हा ते लांब उभे राहून त्याच्याकडे बघत राहतात,' असं ते वाहतच गेलं होतं. ती बोटं मी ओळखत होतो. त्यांनीच मला घडवलं होतं.

"स्वल्पविराम! पुन्हा स्वल्पविराम!" सर गरजले. "ही वाक्यं आहेत की शेवया? हात!"

मी पडू लागलो. तळहात आधी लाल झाला, मग काळानिळा.

"सर, बाबांबद्दल आहे ते," ती म्हणाली. "तुम्ही वाचलंत का?"

"उलट बोलतेस?"

त्यानंतर सरांनी ना चुका मोजल्या, ना फटके. मी तिच्या पोटऱ्यांवर बसलो, खांद्यावर बसलो, पुन्हा हातावर बसलो. माझं टोक चिरलं आणि त्याची धारदार कपची तिच्या तळव्यात खोल घुसली. पानावर रक्त सांडलं. "सर, पुरे हो!" म्हणत ची-श्यांग उठला, तर त्याच्या मानेवर वळ उमटला. मला ओरडता येत असतं तर मीही ओरडलो असतो.

"पुन्हा लिही," सर धापा टाकत म्हणाले.

तिने उजव्या हाताने लिहिलं. 'माझे बाबा खुर्च्या करतात. खुर्च्या चांगल्या असतात. मला बाबा आवडतात.'

"बघ, जमतं की तुला!" सरांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तो हात मला माझ्या घावांपेक्षा वाईट वाटला.

जुलैत परीक्षा झाली. त्याच संध्याकाळी सरांचे आभार मानायला ल्यु आंब्यांची पेटी घेऊन आला. मागे पेइ-लान होती.

"एकही चूक नाही म्हणतेय, सर!" ल्युचा आनंद गगनात मावत नव्हता.

"वा! किती लिहिलंस?" सरांनी विचारलं.

"तीन वाक्यं."

"तीन? अगं, पान भरायचं होतं! वर्षभर काय घसा फोडत होतो मी?"

"पान भरलं होतं मनात," ती खाली बघून म्हणाली. "हात पुढे जाईना."

ल्यु तिच्या डाव्या हाताकडे पाहू लागला. तो दारात सापडला, असं तिने घरी सांगितलं होतं. "मूठ मीट बघू," तो म्हणाला. तिची दोन बोटं मिटलीच नाहीत.

ल्युच्या हातातली पेटी खाली आदळली. त्याने मला टेबलावरून हिसकावलं आणि सरांवर उगारलं. सर भिंतीला टेकले. मी डोक्याच्या वर पोचलो होतो, एवढ्यात पेइ-लान पुढे आली. बापाला अडवायला नव्हे. वेत उठलेला दिसला आणि तिने मुकाट्याने डावा हात पुढे केला.

ल्यु तसाच थिजला. मग मला टाकून तो खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला.

मित्रांनो, म्हाताऱ्या वस्तू तुम्हाला विनवतात, आम्हाला जपा. मला जपू नका, खुशाल चुलीत घाला. पण एखादं मूल चुकतमाकत पान भरून काही घेऊन आलं, तर लाल पेन उघडण्याआधी ते शेवटपर्यंत वाचा.