नसलेल्या बाईंचं खातं

लोकांनी ईमेल कळवायचा, त्याने तो संगणकात टाकायचा आणि खातं आहे की नाही ते सांगायचं. आठ वर्षं त्याने इमानेइतबारे एवढंच केलं होतं. यंत्रणा शुद्धीवर आहे ना, हे पाहायला रोज सकाळी तो आधी मनानेच रचलेला एका बाईंचा ईमेल टाकी. ‘खातं सापडलं नाही’ असं उत्तर आलं की कामाला हरकत नसे. शेजारच्या टेबलावरचे तात्या न चुकता विचारत, “काय, आल्या का बाई?”

त्या दिवशी बाई आल्या.

खातं आठ वर्षांपूर्वीचं, तो नोकरीला लागला त्याच तारखेचं. घरचा पत्ता त्याचाच, आणि त्या घरात तर बापलेक दोघंच राहत. लेकीला आई आठवतही नव्हती.

“तात्या, ही चेष्टा तुमचीच ना?”

“मला कुठलं जमतंय! पुसून टाक नि मोकळा हो.”

त्याने खातं पुसलं, पण जिवाला चैन पडेना. दुपारी तात्या लवकर निघून गेले. चारला शाळेची गाडी लेकीला कचेरीच्या फाटकाशी सोडी. एकदा त्याला पाचच मिनिटं उशीर झाला, तर पोरीने रडून रडून ताप आणला होता. म्हणून तो पाच मिनिटं आधीच उठला आणि दाराला कार्ड लावलं. लाल दिवा लागला. पुन्हा लावलं, पुन्हा लाल. गाडी आज लवकर आली होती; खिडकीच्या न उघडणाऱ्या काचेतून खाली लेक दिसत होती, दप्तर पोटाशी धरून बसलेली. त्याने काच बडवली. तिने वर पाहिलं नाही.

त्याने दाराजवळचं, फाटकाशी बोलायचं बटण दाबलं. “मामा, मी बोलतोय. दार उघडा.”

फाटकावरच्या मामांचा तो रोजचाच आवाज. “मी म्हणजे कोण? ईमेल सांगा.”

त्याने सांगितला.

“खातं सापडलं नाही.”

“अहो मामा, मला ओळखत नाही? खाली माझी मुलगी थांबलीय!”

“ईमेल सांगा.”

भीती होतीच, पण पोर एकटी होती. शेवटी त्याने हळूच तो दुसरा ईमेल सांगितला.

हिरवा दिवा लागला. दार उघडलं.

“आधी नाही का सांगायचं, बाई?” मामा हसले. “पोरगी केव्हाची म्हणतेय, आई अजून कशी आली नाही.”

दार दहा सेकंदच उघडं राहतं, हे त्याला ठाऊक होतं; आणि बाहेर पडायचं, तर बाई म्हणूनच. उंबऱ्याशी उभा राहून तो मोजू लागला.