तेरातून दोन गेले

मी एक जुनी रिंग आहे, सायकलची. पण रस्त्यावरची नाही हं मित्रांनो, गणिताच्या वर्गातली. धानोऱ्याच्या छगनच्या दुकानात माझा टायर फाटला आणि कॉलेजच्या भूपेंद्र सरांनी मला उचललं. गोल फळीवर बसवलं, फळीवर बारा खुणा रंगवल्या, प्रत्येक खूण पाय (π, गणितातला) भागिले सहाची, आणि माझी एक तार लाल केली. सर मला फिरवायचे. "कितीबी फेऱ्या मारा, तार त्याच जागी थांबली तर कोन कोटर्मिनल." पोरं हसायची, मी गरगरायची. काय दिवस होते.

मग स्मार्टबोर्ड आला आणि मी कपाटामागे गेले. दोन वर्षं झाली, कोणी हातसुद्धा लावला नाही.

यंदा ममता आली. डोंगरातली, घरच्यांसोबत गुजरातला ऊसतोडीला गेलेली, दोन महिन्यांनी परत. सर म्हणाले, "शनिवारी पेपर शे बेटा. नापास झालीस तर सायन्स सुटेल, आर्ट्सला जावं लागेल." शेजारच्या बाकावरची हेमांगी म्हणाली, "ऊस तोडीसन उनी ना, आते कोन तोड." ऊस तोडून आली, आता कोन तोड म्हणे. सगळ्या हसल्या.

मधल्या सुट्टीत ममता एकटीच बसलेली. गणित होतं तेरा पाय भागिले सहाचा कोटर्मिनल कोन. एक फेरी, म्हणजे टू पाय, काढायची. "तेरातून दोन गेले, अकरा." पुस्तकामागच्या उत्तराशी जुळेना. खोडलं. परत अकरा. मला ओरडावंसं वाटत होतं, पण रिंग कशी ओरडणार?

तेवढ्यात पेनाचं टोपण घरंगळत कपाटामागे आलं आणि तिनं मला पाहिलं. ओढून काढलं, तार फिरवली, खुणा मोजल्या. बाराव्या खुणेला तार निघाली तिथेच परत.

"म्हणजे फेरी दोनची नाही," ती पुटपुटली, "बाराची. तेरातून बारा गेले, उरला एक."

शनिवारी पंचवीस पाय भागिले सहा आलं. सोमवारी सर म्हणाले, "ममता, तू सायन्सलाच. हेमांगी, तुन्हं उत्तर तेवीस कसं काय उनं? पंचवीसमधून दोनच काढले ना?"

सुट्टीत सगळ्या ममताच्या बाकाभोवती. "आमले बी सांग ना," हेमांगी म्हणाली. ममतानं बाकावर खडूनं गोल काढला, बारा खुणा केल्या. माझ्याकडे यायची गरजच पडली नाही.

बरंच झालं म्हणा. पण मित्रांनो, तुमच्या वर्गात कोणी उशिरा परत आलं तर सुट्टीत त्याच्यापाशी जाऊन बसा. मला पाय नाहीत, तुम्हाला आहेत.