कर्ण्यातला नारळ

विश्व जन्मलं तेव्हाची ऊब आभाळात अजून आहे म्हणे. ती मोजाले चौऱ्याहत्तर साली कॉलेजच्या गच्चीवर पुरुषभर उंच पत्र्याचा कर्णा बांधला तो मी, वर्कशॉपच्या मेकॅनिकनं.

कर्ण्याच्या पूजेच्या दिवशी फिजिक्सचे वझलवार सर म्हणाले, "लहानू, तुम्ही बौद्ध लोक देव मानत नाही ना? मग दूर उभा राहा." राहिलो.

मग कर्ण्याला जोडलेल्या ऊब मोजायच्या मशीनचा काटा भलताच वर चढला. सर ओरडले, "तुझे सांधे कच्चे!" महिनाभर मी तेच सांधे उकलून पुन्हा सोल्डर मारलं. शेवटी कर्ण्यात टॉर्च मारला, तं तळाशी पूजेचा नारळ! काटा त्याचीच ऊब मोजून राहिला होता.

नारळ काढला, काटा उतरला. सरांनी अहवालात लिहिलं, 'मेकॅनिकच्या सांध्यांतला दोष दूर केला.' खाली सही माझी घेतली.